ब्रेकचे जाम बोल्ट: घरी काम करताना दर वेळी तिथेच का अडते आणि बोल्ट न मोडता कसा सोडवावा

ब्रेकचे पॅड घरी बदलणारा माणूस पॅडपाशी सहसा अडत नाही, तो बोल्टपाशी अडतो. चाक निघालेले असते, नवे पॅड खोक्यातून काढून शेजारी वर्तमानपत्रावर मांडलेले असतात, आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, ब्रॅकेटचा १७ नंबरचा बोल्ट काही केल्या हलत नाही. मग पान्यावर पाइप चढतो, पाइपवर पाय चढतो, आणि शेवटी बोल्ट तरी सुटतो, त्याचे डोके तरी गोल होते, नाहीतर तो मोडतो. पुढच्या वेळी पॅड बदलायला घेतले की हाच प्रसंग त्याच बोल्टवर पुन्हा उभा राहतो. बोल्ट सोडवण्याच्या युक्त्या पुष्कळांना ठाऊक असतात. माझे म्हणणे त्या युक्त्यांच्या आधीचे आहे. बोल्टला नेमके कशाने धरून ठेवले आहे ते ओळखल्याशिवाय त्यावर जोर लावू नये, कारण प्रत्येक पकडीचा उपाय वेगळा आहे आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की चांगला बोल्ट वाया जातो.

बडोद्यात ही अडचण अलीकडे अधिक दिसते, आणि त्याचे कारण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले आहे. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलाजवळची २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शहरातल्या कितीतरी सोसायट्यांत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी इंजिन पाहिले, मग वायरिंग, मग सीट आणि कार्पेट, आणि तो क्रम योग्यच होता. ब्रेक धुतल्यावर चालू झाले, म्हणून त्यांचे बोल्ट उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. पण नदीचा बारीक गाळ पाण्याबरोबर जिथे जिथे शिरला तिथे पाणी वाळल्यावरही मागे राहिला, आणि असा गाळ ओल धरून ठेवतो. माझ्या भाच्याची गाडी कारेलीबागेत दोन दिवस चाकांच्या मध्यापर्यंत पाण्यात होती. पुढच्या एप्रिलात आम्ही दोघांनी तिचे पॅड बदलायला घेतले, तेव्हा जे बोल्ट एरवी वीस मिनिटांत निघाले असते त्यांना पूर्ण दीड दिवस लागला. खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या दीड दिवसातून आलेले आहे, आणि उरलेले मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांची देखभाल करताना हाताखालून गेलेल्या बोल्टांवरून.

बोल्ट कशाने धरला आहे?

पहिली पकड गंजाची. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे बोल्टचे आटे आणि भोकातले आटे यांच्यामध्ये जी केसाएवढी मोकळीक असते ती गंजाने भरून निघते आणि पाचर ठोकल्यासारखा बोल्ट आवळला जातो. डोक्याभोवती तांबूस तपकिरी भुकटी दिसते, आणि बोल्टचे टोक भोकातून पलीकडे बाहेर आले असेल तर तिथले आटे फुगून खरबरीत झालेले दिसतात.

दुसरी पकड चिकटद्रावाची. बऱ्याच गाड्यांत ब्रॅकेटच्या बोल्टवर कारखान्यातच थ्रेडलॉकर लावलेला असतो, कारण ब्रेकच्या कंपनांनी हा बोल्ट सैल होणे कोणालाही परवडणारे नाही. अशा बोल्टवर गंज फारसा नसतो. तो पहिला झटका देऊन सुटतो, पण पुढेही प्रत्येक फेऱ्याला करकरत आणि जड जातो, आणि बाहेर आल्यावर आट्यांत निळी, हिरवी किंवा लाल वाळलेली पूड सापडते. याच्यावर तेल ओतून काहीही उपयोग होत नाही. याला उष्णता लागते. नेहमीचा थ्रेडलॉकर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडतो.

तिसरी पकड माणसाने केलेली असते. आधीच्या वेळी कोणीतरी हवेच्या बंदुकीने बोल्ट आवळला, किती आवळला ते मोजले नाही, आणि आता बोल्ट स्वच्छ, कोरडा, गंज नसलेला असूनही हलत नाही. चाकाच्या नटांबाबत हे सर्रास घडते आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीबरोबर मिळालेल्या तोकड्या पान्याने तेच नट एखाद्या बाईला किंवा वयस्क माणसाला सोडवावे लागतात. इथेही तेल निरुपयोगी आहे. इथे लांब दांड्याचा सरळ, एकसारखा जोर लागतो.

चौथी पकड मोडलेल्या किंवा घासलेल्या आट्यांची. बोल्ट सुरुवातीला अर्धा फेरा सहज सुटतो आणि मग पुन्हा घट्ट होत जातो. ही सगळ्यात फसवी पकड आहे, कारण एकदा सुटायला लागला म्हणून माणूस जोर वाढवत जातो, आणि बोल्ट मोडतो तो नेमका याच टप्प्यावर.

परदेशातील व्हिडिओ पाहून काम शिकणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, आणि त्या मिठाने खालचा लोखंडी भाग अक्षरशः खाल्ला जातो. त्यांच्याकडे पहिल्याच मिनिटाला गॅसची ज्योत पेटते याचे कारण ते आहे. गुजरातच्या अंतर्भागातील गाडीवर, पुराचे पाणी लागलेले नसेल तर, पहिला संशय जादा आवळण्याचा आणि चुकीच्या पान्याचा घ्यावा, गंजाचा नंतर.

आधी दिशा तपासा

हा मुद्दा पुस्तकात अर्ध्या ओळीत असतो, पण प्रत्यक्षात मी त्यावर सर्वांत जास्त बोल्ट बिघडलेले पाहिले आहेत. ब्रॅकेटच्या बोल्टचे डोके चाकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे तोंड करून असते. आपण मात्र बाहेरच्या बाजूला बसून हात पलीकडे घालतो, त्यामुळे बोल्ट आपल्याला मागून दिसतो आणि सोडण्याची दिशा उलटी भासते. भाचा पहिल्या दिवशी वीस मिनिटे घाम गाळत होता आणि शेवटी म्हणाला, "मामा, हा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे का?" मी त्याला म्हटले, "अरे, तू तो आवळतो आहेस." बोल्ट उलट्या आट्यांचा नव्हता. त्याने पुराने गंजलेला बोल्ट आणखी पाव फेरा आवळला होता, आणि दीड दिवसातले निदान दोन तास त्या पाव फेऱ्याचे होते.

यावर खात्रीचा मार्ग असा की स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ब्रॅकेटची मागची बाजू उघडी करावी, आणि आपण बोल्टच्या डोक्यासमोर तोंड करून उभे आहोत अशी कल्पना करून घड्याळाच्या उलट दिशा ठरवावी. शक्य असेल तर त्या दिशेचा बाण खडूने थेट स्टबवर, म्हणजे ब्रॅकेट ज्यावर बसते त्या चाकामागच्या भागावर, काढून ठेवावा. स्टिअरिंग वळवल्याने पान्याला फिरायला जागाही मिळते, हा त्यातला दुसरा फायदा.

बसण्यापूर्वी

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर असावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेले असावेत, आणि चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच पाऊण फेरा सैल केलेले असावेत. गाडी केवळ जॅकवर ठेवून जाम बोल्टवर जोर लावणे हा जिवाशी खेळ आहे. कंपनीने सांगितलेल्या जागी जॅक स्टँड लावून, गाडी हाताने हलवून पाहूनच खाली हात घालावा. लांब दांडा नेहमी आपल्याकडे ओढावा, पलीकडे ढकलू नये आणि झटका देऊ नये, कारण बोल्ट अचानक सुटला तर ढकलणारा माणूस गाडीवर जाऊन आदळतो. ब्रेकची धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडावर मास्क ठेवावा.

ब्रॅकेटचे बोल्ट

सॉकेट सहा कोनांचे घ्यावे. घरातल्या संचात बहुधा बारा कोनांची सॉकेट असतात, ती डोक्याच्या टोकांवर पकडतात आणि जाम बोल्टवर टोकेच खाऊन टाकतात. सहा कोनांचे सॉकेट डोक्याच्या सपाट बाजूंवर बसते. ते चढवण्यापूर्वी डोके तारेच्या ब्रशने घासून गाळ आणि रंगाचा थर काढावा, आणि सॉकेट हातोडीच्या हलक्या ठोक्याने तळापर्यंत बसवावे. फिक्स पान्याने हा बोल्ट सोडण्याचा प्रयत्नच करू नये.

पकड गंजाची असेल तर तेल लागते, पण ते कुठे घालायचे याला महत्त्व आहे. डोक्याच्या बाजूने फवारलेले तेल डोक्याखालच्या सपाट बैठकीपाशीच अडते. बहुतेक गाड्यांत हा बोल्ट स्टबमधून आरपार जाऊन ब्रॅकेटच्या आट्यांत बसतो आणि त्याचे टोक पलीकडच्या बाजूला उघडे असते. तेल तिथे घालावे. त्याआधी ते उघडे आटे ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावेत, कारण बोल्ट बाहेर येताना हेच गंजलेले आटे ब्रॅकेटच्या चांगल्या आट्यांतून ओढले जाणार असतात, आणि चौथ्या प्रकारची पकड तिथेच जन्माला येते. गंजासाठी बनवलेले झिरपणारे तेल रात्री घालून सकाळी पुन्हा घालावे. दहा मिनिटांत फळ मिळावे ही अपेक्षा करू नये. तेल घालताना डिस्कवर आणि पॅडवर जाड फडके किंवा प्लास्टिक बांधावे, कारण तेल प्यालेला पॅड धुऊन सुधारत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो.

तेल मुरल्यावर बोल्टच्या डोक्यावर सरळ रेषेत हातोडीचे आठ-दहा नेमके ठोके द्यावेत. गंज कडक पण ठिसूळ असतो, ठोक्याने त्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरते. त्यानंतर बोल्ट सोडण्याच्या दिशेने न फिरवता आधी किंचित आवळावा, अगदी कणभर. ज्याने हे कधी केले नाही त्याला यात उलटेपणा वाटेल, पण गंजाचा जोड कोणत्याही दिशेने एकदा तुटला की तुटतो. मग सोडण्याच्या दिशेला यावे. बोल्ट सुटतो तेव्हा "कट्" असा कोरडा, आखूड आवाज येतो आणि तो हातालाही कळतो. त्या आवाजाशिवाय बोल्ट मऊपणे, मेण पिळल्यासारखा फिरू लागला तर ताबडतोब थांबावे. तो सुटत नाही, तो पिळला जात आहे. कट् झाल्यावरही एका दमात बाहेर काढू नये. अर्धा फेरा सोडावा, पाव फेरा परत आत न्यावा, तेलाचे दोन थेंब घालावेत, पुन्हा सोडावा. आमच्या डाव्या बाजूच्या खालच्या बोल्टला असे पंचवीस-तीस हेलपाटे करावे लागले, आणि प्रत्येक हेलपाट्याला आट्यांतून काळपट लाल चिखल बाहेर येत होता. तो चिखल पुसत राहिलो म्हणून आटे वाचले.

पान्याला पाइप लावण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. पाइप वाईट नाही, हिशेब न करता लावलेला पाइप वाईट. ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर ४० किलोचा जोर दिला की बोल्टवर सुमारे २३५ न्यूटन-मीटर पिळ येतो, आणि लहान गाड्यांत हा बोल्ट मुळात साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटरवर आवळलेला असतो. म्हणजे ६० सेंटिमीटरचा दांडा पुरेसा आहे. तेवढ्याने बोल्ट हलला नाही तर पाइप वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे.

उष्णतेचा क्रमांक त्यानंतर. थ्रेडलॉकरच्या बोल्टला ती सर्वांत आधी द्यावी, गंजाच्या बोल्टला तेल आणि ठोके निष्फळ झाल्यावर. रंग खरवडण्यासाठी वापरतात ती गरम हवेची गन मी ज्योतीपेक्षा पसंत करतो. ती वेळ घेते, पण रबर जाळत नाही. ज्या भागात आटे आहेत तो बाहेरचा भाग, म्हणजे ब्रॅकेटचा कान, गरम करावा. तो प्रसरण पावला की बोल्टची पकड ढिली होते. जवळच ब्रेकची रबरी नळी, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांची रबरी आवरणे म्हणजे बुटे, एबीएसचा सेन्सर आणि चाकाचे बेअरिंग असते, म्हणून शक्य असेल तर कॅलिपर आधी उतरवून तारेने स्प्रिंगला टांगून ठेवावा. तो नळीवर कधीही लोंबकळू देऊ नये.

यापुढची गोष्ट जपून वाचावी. ब्रेक क्लीनरचे काही फवारे क्लोरीनयुक्त द्रावकांचे असतात, आणि असा द्रावक तापलेल्या धातूवर किंवा ज्योतीत गेला तर फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. क्लोरीन नसलेल्या फवाऱ्यांपासून फॉस्जीन होत नाही, पण ते भडकन पेटतात. म्हणून ज्या दिवशी उष्णता वापरायची त्या दिवशी गरम करून होईपर्यंत ब्रेक क्लीनरचा डबा बाहेर काढूच नये. झिरपणारे तेलही पेट घेते, त्यामुळे गरम करण्यापूर्वी ते पुसून घ्यावे.

गरम बोल्टवर साध्या मेणबत्तीचा उपाय फार गुणकारी आहे. कान इतका तापवावा की मेण टेकवल्याबरोबर वितळेल, मग मेणबत्तीचे टोक आट्यांच्या कडेला धरावे. वितळलेले मेण तापलेल्या फटीत ओढले जाते आणि तिथे वंगणाचे काम करते. मला हे फिटिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी कलाभवनात दाखवले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेली ती संस्था, आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. मास्तर म्हणत, "तेल खाली पळतं, मेण आत जातं." भाच्याच्या गाडीचा तो शेवटचा बोल्ट मेणानेच सुटला.

स्लाइड पिनांचे बोल्ट

हे १२ किंवा १४ नंबरचे लहान बोल्ट असतात आणि त्यांना साधारण २२ ते ३५ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर १२ किलोचा ओढा दिला की तेवढे होते, त्यामुळे इथे लांब दांडा लावणाऱ्याने बोल्ट मोडलाच म्हणून समजावे. इथली नेहमीची तक्रार अशी की बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही. बोल्टबरोबर आतली पिनच फिरत असते. रबरी बुटाच्या मागे पिनेला दोन सपाट बाजू असतात. तिथे पातळ फिक्स पाना धरावा आणि मग बोल्ट सोडावा. पिन ब्रॅकेटमध्येच रुतली असेल तर तो बोल्टचा दोष नाही, आतले ग्रीस सुकल्याचे लक्षण आहे. पिन फिरवत फिरवत बाहेर काढावी, बूट फाटू देऊ नये.

ब्लीडर निपल

केवळ पॅड बदलायचे असतील आणि ब्रेक ऑइल बदलायचे नसेल तर ब्लीडरला, म्हणजे कॅलिपरमधली हवा आणि जुने ऑइल बाहेर काढण्याच्या स्क्रूला, हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. पिस्टन सावकाश मागे सारता येतो. ब्रेक ऑइलची वरची टाकी ओसंडत नाही ना एवढे पाहावे, कारण ब्रेक ऑइल रंगाचे नुकसान करते. ब्लीडर पोकळ असतो आणि त्याचे डोके ८ किंवा १० नंबरचे, म्हणजे हा गाडीतला सर्वांत दुबळा बोल्ट आहे, आणि तो मोडला तर कित्येकदा कॅलिपरच बदलावा लागतो.

ऑइल बदलायचेच असेल तर कॅलिपर जागेवर पक्का बसलेला असतानाच ब्लीडर सुटतो का ते आधी पाहून घ्यावे. टोपण काढून भोकातली माती तारेने साफ करावी, मुळाशी तेल घालून रात्रभर ठेवावे, आणि भोकात अगदी बेताने बसेल असा ड्रिलच्या बिटचा गुळगुळीत दांडा घालावा, म्हणजे पोकळ डोके आत चेपणार नाही. मग सहा कोनांचे सॉकेट चढवून कणभर आवळावे, कणभर सोडावे. बाहेरचे तेल पुसूनच ब्लीडर पूर्ण उघडावा. खनिज तेलाचा अंश ब्रेक ऑइलमध्ये गेला तर आतली रबरी सीले फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. काढलेला ब्लीडर परत न लावता नवा लावावा, तो स्वस्त मिळतो.

लोखंडी ब्रेक पाइपचा नट जाम असेल तर घरी थांबावे. नटाबरोबर पाइप पिळला गेला की तो फाटतो, आणि नवा पाइप घडवून बसवणे हे अंगणातले काम नाही.

डिस्कचा स्क्रू आणि मागचा ड्रम

डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, धरून ठेवणारे फुलीच्या खाचेचे स्क्रू साध्या पेचकसाने सोडू नयेत. पेचकस वर उसळतो आणि खाच मरते. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा, कारण तो प्रत्येक ठोक्याला स्क्रू दाबतोही आणि फिरवतोही. जपानी गाड्यांच्या स्क्रूंची खाच थोडी वेगळ्या घडणीची असते, तिथे त्याच घडणीचे टोक वापरले तर अर्धे काम होते.

ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक सोडलेला आहे ना ते पाहावे, मागच्या रबरी बुचातून अॅडजस्टर, म्हणजे ब्रेकचे शू आणि ड्रम यांतले अंतर ठरवणारा पेच, मागे घ्यावा, आणि ड्रमच्या तोंडावर जी दोन आट्यांची भोके असतात, बहुधा ८ मिलिमीटरच्या बोल्टची, त्यांत दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळावेत. ड्रम स्वतःहून बाहेर सरकतो. कडेवर घण मारू नये, बिडाचे टवके उडतात. काही लहान गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात आणि मधल्या मोठ्या नटावर बसलेले असतात. तिथे ही पद्धत लागू नाही.

डोके गोल झाले किंवा बोल्ट मोडला तर

डोके नुकतेच गोल होऊ लागले असेल तर एक माप लहान सॉकेट हातोडीने ठोकून चढवावे. १७ वर १६, १४ वर १३. हे सॉकेट नंतर बोल्टसकट खराब होते, म्हणून जुने वापरावे. याच कामासाठी आतून पिळदार धारा असलेली सॉकेटही बाजारात मिळतात आणि ती अधिक खात्रीची आहेत. तेही घसरले तर बोल्टच्या डोक्यावर नवा नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगची उष्णता बोल्टच्या गाभ्यात जाते आणि नट थंड होता होता सोडला की गंजाची पकड बहुधा सुटलेली असते. वेल्ड करण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी, आणि ब्रॅकेट गाडीवरून उतरवता येत असेल तर उतरवूनच वेल्डरकडे न्यावे.

मोडलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून ईझी-आउट, म्हणजे मोडका बोल्ट आतून पकडून बाहेर काढणारे पिळदार हत्यार, फिरवण्याचा मोह होतो. ईझी-आउट अतिशय कडक आणि ठिसूळ पोलादाचा असतो. तो आत मोडला तर साधा ड्रिल त्याला छेदू शकत नाही आणि सोपे काम अवघड होऊन बसते. ज्या बोल्टला पूर्ण डोके असताना हलवता आले नाही तो बोटभर ईझी-आउटने हलेल ही आशा मी तरी धरत नाही. अशा वेळी लेथवाल्याकडे भाग नेणे शहाणपणाचे आहे, आणि मकरपुऱ्यात अशी कामे करणारी माणसे आहेत.

परत बसवताना

पुढच्या वेळी बोल्ट जाम होणार की नाही ते याच वेळी ठरते. आटे दोन्ही बाजूंनी ब्रशने साफ करून बोल्ट हाताने पूर्ण आत जातो का ते पाहावे; हाताने जात नसेल तर पाना लावू नये. आटे ओढलेले, डोके झिजलेले किंवा दांडा खड्डे पडून गंजलेला असेल तर नवा बोल्ट घ्यावा, आणि तो कंपनीचाच घ्यावा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. त्यातला पहिला आकडा शंभरपट केला की ताणशक्ती मेगापास्कलमध्ये कळते, म्हणजे १०.९ चा बोल्ट साधारण १००० मेगापास्कलचा. हार्डवेअरच्या दुकानात चकाकणारा स्टेनलेसचा ए२-७० बोल्ट केवळ ७०० मेगापास्कलचा असतो. तो गंजणार नाही हे खरे, पण ब्रेकच्या जागी तो बसवू नये.

तेल किंवा अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचे वंगण, आटे माखून लावण्याची सवय मात्र सोडावी. वंगण लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला, म्हणजे पान्याच्या त्याच पिळाला, जास्त ताणला जातो, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच आट्यांना लावावे, आणि थ्रेडलॉकर सांगितला असेल तर थ्रेडलॉकरच लावावा. चाकाचे नट कोरडेच असावेत. हबच्या ज्या गोल बैठकीवर डिस्क किंवा ड्रम बसतो तिथे गंज घासून अँटी-सीझचा अगदी पातळ हात फिरवला तर पुढच्या वेळी ड्रम ओढावा लागत नाही. स्लाइड पिनांना ब्रेकसाठी बनवलेले सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीसच लावावे, बेअरिंगचे पिवळे ग्रीस लावले तर बुटांचे रबर फुगते. शेवटी टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावे आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची बारीक रेघ ओढावी, म्हणजे तो हलला तर डोळ्याला दिसेल. गाडी जॅकवरून उतरवल्यावर इंजिन चालू करण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत पंप करावे. मागे सारलेला पिस्टन पॅडपर्यंत पोहोचायला तेवढे दाब लागतात, आणि हे विसरलेली गाडी पहिल्या ब्रेकला थांबत नाही.

आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात, पाऊस ओसरलेला असताना, चारही चाके उतरवून पिना हाताने सरकतात का आणि बोल्टांच्या रेघा जागेवर आहेत का ते पाहून घेण्याचा नेम आता भाच्याने धरला आहे. त्याने सगळे टॉर्क एका जाड कागदावर लिहून तो कागद गाडीच्या खणात ठेवला आहे. एप्रिलात दीड दिवस खाल्लेला तो डाव्या बाजूचा खालचा बोल्ट, नवा बसवल्यानंतर पहिल्या दसऱ्याला, साध्या १७ नंबरच्या सॉकेटने आणि एका हाताच्या ओढ्याने सुटला, आणि त्याचे आटे कोरडे आणि करडे होते.